चाळीस पौंड

पाचवं चाक म्हणतात त्याला,
पण ते चाक नव्हेच.
पिकअपच्या पाठीवर बसवलेला
लोखंडी जबडा तो.
नॉर्थ डकोटात कॅम्परची खुंटी तोंडात धरायची
आणि ॲरिझोना येईस्तोवर सोडायची नाही.

आमचा जुना हिच दोनशे दहा पौंडांचा.
ऑक्टोबरात चढवायचा, एप्रिलात उतरवायचा,
कारण उन्हाळ्यात आर्विडला गाडीची पाठ मोकळी लागते:
बियाण्याची पोती, कुंपणाचे खांब,
एकदा तर मेलेलं वासरू.

दोनशे दहा पौंड एकट्याला उचलत नाहीत.
म्हणून लेलँड ब्रेकी यायचा.

लेलँडशी आमचं बोलणं नाही.
अकरा वर्षांपूर्वी त्याने पाणथळीला चर खणला
आणि त्याचं तळं आमच्या जवसात येऊन झोपलं.
मोजणी झाली, वकील झाले,
चर्चमध्ये ते डावीकडे, आम्ही उजवीकडे.
पण हिच चढवायच्या दिवशी
तो न बोलावता हजर,
दातांनी हातमोजे ओढत.
आर्विड एका बाजूला, तो दुसऱ्या.
"धरलंस?"
"हं."
"माझ्याकडे."
"सोड."
वर्षाचे आठ शब्द.
मी खिडकीतून मोजलेत.

जूनमध्ये डॉक्टरने आर्विडच्या मणक्यात
दोन स्क्रू पिळले आणि बजावलं,
पन्नास पौंडांपुढच्या वस्तूला
नुसता नमस्कार करायचा.

तर आता हा नवा. ॲल्युमिनियमचा.
खोक्यातून निघाला तेव्हा वाटलं,
अर्धा कारखान्यातच राहिला असावा.
चाळीस पौंड. आमचा ओले म्हातारपणी एवढाच भरायचा,
आणि त्या कुत्र्याला तर मी रोज जिना चढवत होते.
ना ग्रीस, ना बाह्यांवर काळे डाग.
आर्विडने त्यावर टकटक केली,
कलिंगड पारखतात तशी.
"एवढ्याशा जिवावर सहा टनांचं घर?"
"कागदावर लिहिलंय," मी म्हणाले.
"कागदावर तर चरसुद्धा आपल्या बाजूने होता."

त्या रात्री मला झोप लागेना.
मणका वाचला, ते बरंच झालं.
पण डोक्यात भलताच हिशोब:
दोनशे दहातून चाळीस गेले,
उरलेले एकशे सत्तर
इतकी वर्षं काय धरून होते?

पाच तारखेला सकाळी गवत पांढरं पडलेलं.
आर्विड नवा हिच बगलेत मारून निघाला,
बेकरीतून पाव आणावा तसा.
आणि फाटकाशी लेलँडची गाडी.
तो उतरला. हातमोजे दातांत.
त्याची नजर अंगणभर फिरली,
पिकअपच्या मागे, शेडच्या दाराशी,
मग आर्विडच्या बगलेवर येऊन थबकली.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग माझ्या नवऱ्याने,
ज्याने अकरा वर्षांत त्या माणसाला
साधी कॉफी विचारली नाही,
तो हिच खाली ठेवला. गवतावर. मुद्दाम.
एका बाजूने वाकला, आणि थांबला.

लेलँड वाकला.
"धरलंस?"
"हं."
हात सवयीने दोनशे दहाचं बळ लावून बसले होते,
हिच असा काही वर उडाला
की दोघे मागे हेलपाटले,
लेलँडची टोपी चाकाखाली गेली
आणि आर्विड हसला.
टाके निघाल्यापासून पहिल्यांदा,
कंबर धरून, दुखतंय दुखतंय म्हणत.

मग कॅम्परचे ब्रेक लावून
गाडी जराशी पुढे खेचून पाहिली.
लेलँड मागे उकिडवा बसून
खुंटीकडे बघत होता, डॉक्टरसारखा.
"हलत नाही," म्हणाला.
"नाही ना?"
"अजिबात. जुना कुठाय?"
"शेडमध्ये."
"विकणार?"
"विकला असता. उचलायचा कुणी?"
लेलँडने टोपी झटकली, फिरवून फिरवून पाहिली.
"माझा नातू आहे. दांडगा झालाय.
एप्रिलात या परत, मग बघू."

इथवर मोजत होते मी.
तेवढ्यात कॉफी उतू गेली.

चर अजून आहे तिथेच.
जवसात पाणीही.